सुतकातली घरघंटी

“चार पॉइंट सात स्टार आहेत त्याला, सरिताताई. अकरा हजार लोक काय वेडे आहेत?”

देवरामकाका कांदा चिरायच्या यंत्राची दोरी तिसऱ्यांदा ओढत होते. आतला कांदा शाबूत होता, दोरी मात्र तुटून हातात आली होती.

“त्या अकरा हजारांनी स्टार कधी दिले ते बघा,” सरिता म्हणाली. “पार्सल आलं त्या दिवशी, की महिनाभर वापरून?”

काकांनी बत्तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली होती आणि निवृत्त झाल्यावर ते सरिताच्या कचेरीत येऊन बसायला लागले होते. पगार नाही, चहा मात्र हक्काचा. सरिता पूर्वी विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायची. गोदाम जळलं की जाळलं, हे ती राख बघून सांगायची. आता शहापूरच्या एसटी स्टँडसमोर, डेअरीच्या माडीवर, तिची स्वतःची खासगी तपासाची कचेरी होती.

लाकडी जिना वाजला आणि पस्तिशीची एक बाई दारात उभी राहिली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद होता. तिनं बसायला नकार दिला.

“मी रत्ना. डोळखांबच्या वरल्या पाड्यावरची. मला माफी मागायची नाय. त्याच्यासाठी काय लागतं ते सांगा.”

“कुणाची माफी?” सरितानं विचारलं.

“भावेश शेठची. मुरबाडला ‘उजेड होम अप्लायन्सेस’ हाय ना, त्याची.”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. रत्नाच्या बचत गटातल्या अकरा बायकांनी मिळून घरघंटी घेतली होती. पाड्यावरून डोळखांबच्या गिरणीपर्यंत दळण डोक्यावरून न्यावं लागायचं, ते थांबवायचं होतं. दुकानाच्या ऑनलाइन पानावर त्रेसष्ट रिव्ह्यू होते आणि सगळे पाच स्टारांचे. त्यातला एक सापगावच्या बाईचा, फोटोसकट. तो बघून गटाचं ठरलं. घरघंटी आली, सगळ्यांसमोर खोकं उघडलं, नाचणी टाकली. दहाव्या मिनिटाला रत्नाची जाऊ गोदी हिचा हात यंत्राच्या पत्र्याला चिकटला आणि तळवा भाजला.

“त्याच दिवशी मी पण रिव्ह्यू लिवला. ‘मशीन शॉक देते. गोदीचा हात भाजला. घेऊ नका.’ आणि एक स्टार दिला.”

“एक तरी कशाला दिलात?” काकांनी विचारलं.

“शून्य द्यायची सोय नाय त्यात.”

सरितानं कागद उघडला. वकिलाची नोटीस होती. येत्या गुरुवारी धसईला दुकानाच्या नव्या शाखेचं उद्घाटन होतं. तिथं कॅमेऱ्यासमोर उभं राहून रत्नानं माफीनामा वाचायचा: घरातलं वायरिंग सदोष होतं, यंत्र उत्तम आहे, मी खोटा रिव्ह्यू लिहिला. नाहीतर बदनामीचा दावा.

“गटातल्या बाया बोलतात, माग माफी आणि मोकळी हो,” रत्ना म्हणाली. “पण गोदी रोजावर जाते. उजवा हात हाय तो तिचा. मी कागद वाचला म्हंजे तिनं आपल्याच चुकीनं हात भाजून घेतला असं व्हईल. ते माझ्या तोंडातून निघणार नाय. कोर्टात गेलं तरी नाय.”

एवढं बोलल्यावर मात्र ती खुर्चीवर बसली आणि काकांनी आपला चहा तिच्यापुढे सरकवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाड्यावर पोचले. रत्नाच्या ओटीवर, उन्हात, घरघंटी गोधडी पांघरून उभी होती.

“ही परत न्यायला दुकानाचा फिटर दोनदा आला,” रत्ना म्हणाली. “संजू नाव त्याचं. दुसऱ्या वेळेला मी हिच्यावर चढून बसले. बोलले, मला उचलून ने आधी.”

“नवी देतो म्हणाला का?”

“नवी देतो, पण आधी रिव्ह्यू काढ. मी बोलले, चालता हो.”

गोदी दारात बसली होती. उजव्या हाताला पांढरी पट्टी, डाव्या हातानं ती चवळी निवडत होती. तिचा नवरा सुक्या बाजूला मान खाली घालून उभा होता. घरातलं वायरिंग त्यानंच केलं होतं.

सरितानं भिंतीवरच्या बोर्डाचं सॉकेट उघडून बघितलं. अर्थिंगची तार नव्हतीच. काकांनी डोळ्यांनीच ‘संपलं’ अशी खूण केली.

“भाऊ, बटण दाबा,” सरिता सुक्याला म्हणाली आणि तिनं टेस्टर घरघंटीच्या पत्र्याला टेकवला. आतला दिवा लागला. मग तोच टेस्टर तिनं त्याच बोर्डावर लावलेल्या टेबलफॅनच्या जाळीला आणि नंतर इस्त्रीला टेकवून पाहिला. दिवा लागला नाही.

घरघंटी पांढऱ्या पत्र्याची, स्वच्छ पुसलेली. उजव्या अंगाला मात्र ताटाएवढा मोठा सोनेरी स्टिकर होता: पाच स्टार आणि खाली ‘ग्राहकांचा विश्वास, उजेडचा ध्यास’. जरा तिरका चिकटवला होता. सरिता त्याच्या वरच्या कडेजवळ वाकली. तिथं पत्र्यावर करंगळीच्या नखाएवढा पिवळा डाग होता. तिनं तो खरवडून वास घेतला.

“हळद दळली का हिच्यात?”

“नाय. नाचणी टाकली तेवढीच.”

“आणि पूजा? नवी वस्तू, हळदकुंकू लावलं असेल.”

“कुठली पूजा!” रत्ना म्हणाली. “सोमवारी चुलतसासरा वारला, बुधवारी मशीन आली. घरात सुतक. हळदीच्या डबीला पण हात नाय लावला कोणी. सासू तर बोलते, बिनपूजेची चालवलीत म्हणून देवीनं शॉक दिला. पण बाया दळण घेऊन आलेल्या, त्यांना परत कसं लावायचं?”

“सुतक कधी फिटलं?”

“कालच. तवर मशीन इथंच उभी, रातीला गोधडी घालून.”

“ओटीवर, उन्हात?”

“दिवसा उघडीच. गोधडी सासूला अंथरायला लागते ना. सासू झोपून असते.”

“खोकं कुठाय?”

रत्नानं कोपऱ्याकडे हात केला. खोक्यात एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. “वरची टेप मी कापली. अकरा जणींच्या समोर. कंपनीचीच होती, नाव छापलेलं.”

सरितानं काकांना कोंबडी उचलायला सांगितलं. एसटीत त्यांनी बऱ्याच भांडकुदळ उतारूंना खाली उतरवलं होतं, पण कोंबडीनं त्यांना दोनदा टोचलं. अंडी सुपात काढून सरितानं खोकं उलटं केलं. खाली कंपनीची नाव छापलेली टेप होतीच, मधोमध सरळ चिरलेली. तिच्यावर आणखी एक, साधी पारदर्शक टेप ताठ बसवली होती. दोन्ही टोकांना तिची कड करवतीसारखी दातेरी होती.

“कोंबडीला परत बसवा,” सरिता म्हणाली. “आणि खोकं जपून ठेवा. गुरुवारी लागेल.”

*

“सुक्याचं वायरिंग,” मुरबाडच्या वाटेवर काका म्हणाले. “अर्थिंगच नाही. वाईट वाटतं, पण शेठ बरोबर आहे.”

“अर्थिंग नाही हे खरं,” सरिता म्हणाली. “पण त्यामुळे चांगलं यंत्र शॉक देत नाही, काका. वीज यंत्रातूनच झिरपते. अर्थिंग असतं तर ती निमूट जमिनीत गेली असती, एवढंच. फॅन त्याच घरात आहे, त्याला शॉक नाही.”

“मग कंपनीनं बिघडलेली पाठवली असेल.”

“तेही होऊ शकतं. आता तो सापगावचा फोटो दाखवा.”

काकांनी मोबाइल पुढे केला. रिव्ह्यू अनिता नावाच्या बाईचा होता, तारीख दसऱ्याची. ‘खूप छान मशीन. आवाज कमी. पाच स्टार!’ फोटोत झेंडूच्या माळेत बसलेली तीच पांढरी घरघंटी आणि तिच्या उजव्या अंगावर हळदीनं उमटवलेला अख्खा हात.

“मधलं बोट आखूड दिसतंय,” सरिता म्हणाली.

“हळद कमी पडली असेल,” काका म्हणाले.

भावेश शेठचं दुकान मुरबाडच्या मुख्य रस्त्यावर होतं. काचा चकचकीत, फ्रिज रांगेत उभे, आणि दारावर ‘४.९’ हा आकडा माणसाएवढा. शेठ गल्ल्यामागे उभा राहून मिक्सरचं खोकं बांधत होता. टेपचं जड यंत्र त्यानं खोक्यावरून फिरवलं, कट्टकन टेप तुटली.

“त्या बाईनं पाठवलंय का तुम्हाला?” तो हसला. “बसा. थंड घ्या. त्रेसष्ट जण चांगलं म्हणतात आणि एक वाईट म्हणते. तुम्ही कोणाचं ऐकाल?”

“जिचा हात भाजला तिचं आधी ऐकेन,” सरिता म्हणाली. “बिलावर यंत्राचा नंबर नाही तुमच्या.”

“घाईत राहिलं. सगळ्याच बिलांवर राहतं.”

“यंत्र आधी कुणी वापरलेलं नव्हतं?”

शेठला राग आला. “आमच्याकडे खोकं कंपनीतून येतं तसंच जातं. टेप फक्त गिऱ्हाईक तोडतो. त्या बायकांनीच तोडली ना? विचारा.” मग तो आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, पाड्यावरचं वायरिंग तुम्हाला माहीत आहे. वीज म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही, आणि रिव्ह्यू लिहितात!”

काका मिक्सर, इस्त्र्या बघत फिरत होते. मांडलेल्या चार घरघंट्यांपैकी एकीवरही सोनेरी स्टिकर नव्हता. “छान आहे हो तुमचा स्टिकर,” ते निरागसपणे म्हणाले. “एवढा मोठा. पाड्यावर बघितला. इथं का नाही लावत?”

“तो धसईच्या शाखेसाठी छापलाय,” शेठ म्हणाला आणि त्यानं पटकन नजर वळवली.

मागच्या दाराशी फिटर संजू जुन्या पंख्याची पेटी बांधत होता. चाळिशीचा, थकलेला माणूस. टेप ओढून त्यानं ती दातांनी तोडली. कड ताणली जाऊन वेडीवाकडी झाली.

“यंत्र का वापरत नाही?” सरितानं विचारलं.

शेठच बोलला. “त्याला हात लावू देत नाही मी. मागच्या वर्षी पाडून पातं वाकवलं त्यानं. आता देवानं दिलेत ते दात वापर म्हटलं.”

संजू हसला नाही. सरितानं त्याला हळूच विचारलं, “डोळखांबला दोनदा गेलात. दुसऱ्यांदा यंत्र नीट बघितलंत?”

“बघितली,” तो म्हणाला. मग गल्ल्याकडे एकदा बघून तो परत टेप ओढायला लागला. “पोरं शिकतायत ताई माझी. जास्त नका विचारू.”

*

सापगावात अनिताचं घर मोठं होतं. पुढे भाताचे भारे रचलेले, मागे गोठा, स्वयंपाकघरात फरशी. घरघंटी ओट्याशेजारी होती. पांढरी, नवीकोरी, डाग नाही.

“आमची एकदम मस्त चालते,” अनितानं न विचारताच सांगितलं. “मी खोटं नाय लिवलं. गुरुवारी धसईला शेठ माझा सत्कार करणार हायत. शाल, श्रीफळ.”

“फोटोत तर हळदीचा हात आहे हिच्यावर.”

अनितानं ओट्यावरचं फडकं उचललं. “पुसला.”

दारात बसलेली तिची सासू सकुबाई एकदम वळली. “माझा हात कोणी पुसला गो? नव्या वस्तूवर माझा हात उमटला का ती वस्तू घरची. आणि हळद पुसली जाते व्हय?” तिनं उजवा हात वर केला. मधलं बोट पेरभर तुटलेलं होतं. “विळ्यानं गेलं, लग्नाच्या वर्षी. पण हात माझाच लागतो घरात. या मशीनपायी तर मी दोन नारळ फोडले. एक दसऱ्याला, एक…”

“आई, गाय ओरडते बघा मागे,” अनिता म्हणाली.

गाय ओरडत नव्हती, पण सकुबाई उठून गेली. सरितानं आणखी काही विचारलं नाही. निघताना तिनं एवढंच म्हटलं, “अनिताताई, गुरुवारी सासूबाईंना घेऊन या. सत्काराला घरचं माणूस हवं.”

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “म्हातारी विसरभोळी आहे. दोन नारळ म्हणे!”

“काका, तुम्ही बत्तीस वर्षं तिकिटं दिलीत. एका माणसाला दोन तिकिटं कधी देता?”

“एका माणसाला? कशाला देईन?”

“तेच म्हणते मी,” सरिता म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. काकांना शहापूरपर्यंत काही कळलं नाही आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं नाही.

*

गुरुवारी धसईत बाजाराची गर्दी होती. नव्या शाखेपुढे मांडव, फुगे, कॅमेरा घेतलेला एक माणूस. खुर्चीवर अनिता आणि सकुबाई. भावेश शेठ पांढऱ्या कपड्यांत इकडून तिकडे फिरत होता.

पाड्यावरची पिकअप आली. आधी अकरा बायका उतरल्या, मग सुक्यानं आणि आणखी दोघांनी घरघंटी खाली घेतली. शेवटी गोदी उतरली, डाव्या हातात कोंबडीचं खोकं घेऊन. कोंबडी घरी राहिली होती.

“मशीन परत आणलीत, चांगलं केलंत,” शेठ म्हणाला. “संजू, आत ने.”

“तिला हात लावू नका,” रत्ना म्हणाली. “कागद द्या. वाचते.”

शेठनं माफीनामा दिला. कॅमेरा वळला. रत्नानं कागद घेतला, पण वाचला नाही. ती सरिताकडे बघत राहिली.

“शेठ, माफी मागायची ती खऱ्या गोष्टीची मागावी,” सरिता पुढे येत म्हणाली. “त्यासाठी आधी एक खात्री करू. तुमच्याच शब्दांत, या यंत्राला रत्नाताईंच्या आधी कुणाचाही हात लागलेला नाही. बरोबर?”

“शंभर टक्के.”

“काका, बाटली.”

काकांनी खिशातून खोबरेल तेलाची बाटली काढली. सरितानं तेल सोनेरी स्टिकरच्या कडांना चोळलं, थोडं थांबली आणि एक कोपरा नखानं उचलला. पाच स्टार हळूहळू सुटून आले.

खाली, पांढऱ्या पत्र्यावर, पिवळा हात होता. पाचही बोटं स्पष्ट. मधलं बोट पेरभर आखूड.

सकुबाई काठी टेकत उठली, यंत्रापाशी आली आणि तिनं आपला उजवा हात त्या हातावर ठेवला. बोटावर बोट बसलं.

“हा माझा हात हाय,” ती म्हणाली. “ही आमची मशीन. ही इथं कशी आली?”

“हेच कोडं होतं,” सरिता म्हणाली. “त्रेसष्ट जण यंत्र चांगलं म्हणतात, एक जण वाईट म्हणते, आणि दोन्ही बाजूंची माणसं खोटं बोलणारी वाटत नव्हती. मग मला पाड्यावर या स्टिकरच्या कडेला हळदीचा डाग दिसला. रत्नाताईंच्या घरी तेव्हा सुतक होतं, हळदीच्या डबीला कुणी हात लावला नव्हता. मग नव्या यंत्राला हळद लावली कुणी? हळद ओल्या फडक्यानं जात नाही, पण उन्हानं उडते. बाहेर राहिलेलं बोटाचं टोक ओटीवरच्या उन्हात जवळजवळ उडालं होतं. बाकीच्या हाताला शेठनीच सावली धरली, आपल्या पाच स्टारांची. दुकानातल्या एकाही घरघंटीवर हा स्टिकर नाही. ज्या एकीवर काहीतरी झाकायचं होतं, तिच्यावरच लागला.”

“पण अनिताताईंची मशीन तर त्यांच्या घरी आहे!” काका न राहवून म्हणाले.

“त्यांच्या घरी एक यंत्र आहे. त्याच्यावर हात नाही. आणि सकुबाईंनी नारळ फोडले दोन. एका यंत्राला दोन नारळ कशाला? अनिताताई, दुसरा कधी फोडला?”

अनिताच्या मांडीवर शाल होती. तिनं ती खाली ठेवली.

“दिवाळीनंतर,” ती म्हणाली. “मशीन चालू केली का घरातलं मेन बटण पडायचं, लाईट जायची. आमच्याकडे अर्थिंग हाय, म्हणून शॉक नाय बसला. शेठनी दुसऱ्याच दिवशी दुसरी दिली, खोक्याशिवाय, उघडीच. बोलले, रिव्ह्यू तेवढा तसाच ठेवा, लोक तुमचा फोटो बघून येतात.” तिनं वर बघितलं. “मी खोटं नाय लिवलं. दसऱ्याला खरंच चांगली चालत होती.”

“दसऱ्याला ते खरं होतं,” सरिता म्हणाली. “दिवाळीनंतर ते खोटं झालं आणि तुम्ही ते तसंच राहू दिलंत. रत्नाताईंनी तुमचा फोटो बघून यंत्र घेतलं. त्या फोटोतलंच यंत्र त्यांना मिळालं आणि त्यानंच गोदीचा हात भाजला.”

गोदी एक पाऊल पुढे आली. ती अनिताकडे बघत होती आणि अनिताला ते बघणं सोसवेना.

“ताई, हे मला माहीतच नाही!” भावेश शेठनं दोन्ही हात वर केले. “बिघडलेली मशीन कंपनीला पाठव म्हणून मी संजूला सांगितलं होतं. त्यानं घोळ घातला. संजू, आजपासून तुझी नोकरी…”

“थांबा,” सरिता म्हणाली. “गोदी, खोकं उलटं धर.”

गोदीनं एका हातानं खोकं उलटं केलं, सुक्यानं धरलं.

“वरची टेप बायकांनी कापली, ती कंपनीची होती. पण खालची आधीच चिरली होती. नवं यंत्र खालून काढून सापगावला गेलं, जुनं खालूनच आत आलं, आणि चिरलेल्या टेपवर ही नवी टेप बसली. तिची कड बघा. दातेरी, सरळ. संजू टेप दातांनी तोडतो, त्याची कड ताणून फाटते. टेपच्या यंत्राला तुम्ही त्याला हातच लावू देत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत, हसत हसत.”

सगळ्यांच्या माना संजूकडे वळल्या. त्यानं खांद्यावरची पिशवी काढून खुर्चीवर ठेवली.

“पुरे झालं शेठ,” तो म्हणाला. “सापगाववरून मीच आणली ती. मागच्या दाराला ठेवली. मला वाटलं कंपनीला गेली. परत बघितली ती डोळखांबला, या बाईच्या बुडाखाली. स्टिकरच्या कडेला हळद दिसली, तवा ओळखली. दुकानात येऊन तुमाला विचारलं तर काय बोललात? ‘सापगावचे लोक चार ठिकाणी बोलतात. पाड्यावरच्या बाईचं कोण ऐकतंय?’ असं बोललात. मी गप्प बसलो. माझं चुकलं.”

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला, तशी गटातल्या एका बाईनं त्याचं मनगट धरून तो पुन्हा वर केला. “चालू ठेव रे. माफी शूट करायला आलास ना?”

शेठचा चेहरा बदलला. तो रत्नाजवळ गेला आणि हळू आवाजात बोलू लागला. “रत्नाताई, झालं गेलं गंगेला मिळालं. मी तुम्हाला आत्ता नवीन मशीन देतो. दोन देतो. गोदीताईंच्या औषधपाण्याचं मी बघतो. नोटीस फाडून टाकू. तुम्ही फक्त तो एक रिव्ह्यू काढा.”

देवरामकाकांना वाटलं, आता मिटलं. आजूबाजूच्या पुष्कळांना तसंच वाटलं. दोन घरघंट्या म्हणजे पाड्याचं दळण कायमचं सुटलं असतं, आणि गटातल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलंही.

रत्नानं माफीनाम्याची घडी घातली. चौकोनी, बारीक.

“हाच सौदा अनिताताईशी केलात ना तुमी?” ती मोठ्यानं म्हणाली. “नवी मशीन घे आणि रिव्ह्यू तसाच ठेव. तिनं घेतली, म्हणून ही माझ्या दारात आली. मी पण घेतली तर ही उद्या कोणाच्या दारात जाईल? टोकावड्याला? किन्हवलीला? तिथल्या गोदीचा हात कोणी बघायचा?” तिनं घडी खोक्यात टाकली. “कोंबडीखाली घालीन हा. औषधाचं तुमी करालच, ग्राहक मंच करायला लावील. ही मशीन तिकडंच जाणार हाय, सकुबाईच्या हातासकट. आणि माझा रिव्ह्यू जिथं हाय तिथंच राहील. मी नाय काढणार.”

शेठ आणखी काही बोलणार होता, पण सकुबाईनं सुनेच्या पाठीवर थाप मारली. “काय बघतेस? तुझा फोटो हाय तो. माझा हात हाय त्यात. लिव.”

अनितानं मोबाइल काढला. तिचे डोळे भरले होते, पण बोटं चालत होती. तिनं दसऱ्याचा रिव्ह्यू उघडला, पाच स्टारांचा एक केला आणि खाली लिहिलं: ‘ही मशीन दिवाळीनंतर बिघडली. दुकानदाराने तीच डोळखांबला नवी म्हणून विकली. मी गप्प बसले. फोटो तोच आहे, नीट बघा.’ लिहून झाल्यावर ती गोदीपाशी जाऊन उभी राहिली. गोदीनं तिला जवळ घेतलं नाही आणि लांबही लोटलं नाही.

देवरामकाकांनी आपलाही मोबाइल काढला होता. कांद्याच्या यंत्राचं पान उघडून ते विचार करत होते. “सरिताताई,” ते म्हणाले, “मी पार्सल आलं त्याच दिवशी पाच दिले होते. सोबत चिठ्ठी होती ना, स्टार द्या म्हणून.”

“मग आता तारीख घालून खरं लिहा,” सरिता म्हणाली. काका खुर्चीवर बसून लिहायला लागले.

“वहिनी, मोबाइल दे,” गोदी रत्नाला म्हणाली. “मला पण लिवायचंय.”

“तुझा हात?”

“डावा हाय ना.”

रत्नानं मोबाइल तिच्या डाव्या तळहातावर ठेवला. गोदीला वेळ लागत होता. अंगठा चुकीच्या अक्षरावर पडायचा, ती पुसायची आणि परत लिहायची. मांडवातली गर्दी थांबून होती. शेठ आत निघून गेला आणि शाखेचं शटर अर्धं खाली आलं, तरी कुणी हललं नाही.

‘माझा हात भाजला,’ तिनं लिहिलं. ‘वायरीने नाही. मशीनने.’

मग तिनं स्टारांची रांग बघितली, पहिल्यावर अंगठा ठेवला आणि जावेकडे वर बघितलं.

“एकच ना गो?”

“एक द्यावाच लागतो,” रत्ना म्हणाली. “दे आणि चल. बाजार उठायच्या आत नाचणी घ्यायचीय. डोळखांबची गिरणी सहापर्यंत चालू असते.”